सही घेतली, सांगितलं कुणीच नाही

किमोची पहिली सलाईन लागायच्या आधी तुमच्यापुढे एक कागद येईल. तो इंग्रजीत असेल, चार-पाच पानी असेल आणि घेऊन येणारी मुलगी घाईत असेल. "काकू, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर." ह्यांनी वाचायचा चष्मा शोधेपर्यंत तिने पानं उलटून माझ्या हातात पेन दिलंसुद्धा. पुढे मी भांडायला गेले तेव्हा त्याच कागदाचं तिसरं पान माझ्या नाकासमोर धरण्यात आलं: "यात सगळं लिहिलंय. तुमची सही आहे ना?"

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. मुदत ठेवीचा फॉर्म असो की मनीऑर्डर, समोरच्या म्हातारीला काय लिहिलंय ते वाचून दाखवल्याशिवाय मी तिचा अंगठा घेतला नाही. मागे रांग कितीही असो. त्यामुळे "सही आहे ना" हे मला फार लागलं, आणि अजून लागतं.

मला ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. आतड्याच्या कॅन्सरसाठी हे बऱ्याच जणांना देतात, केपॉक्स म्हणतात त्याला. सलाईन पहिल्या दिवशी, गोळ्या १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग आठवडाभर सुट्टी, की पुन्हा पुढची सायकल. एवढं मला सांगितलं होतं. उलट्या होतील, थकवा येईल, हेही सांगितलं. ते सिनेमातसुद्धा दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढायला गेले तर बोटांना सणसणीत करंट बसला. मी पातेलं तसंच सोडलं. ह्यांनी फ्रिजचा प्लग काढला, टेस्टर लावून पाहिला, वायरमनला फोन केला. तो येऊन "अर्थिंग चांगलं आहे" म्हणून पैसे घेऊन गेला. दुपारी तोंडाला चव नव्हती म्हणून फ्रिजमधलंच ताक ग्लासात ओतलं आणि एक घोट घेतला. घसा बंद झाला. ठसका नाही, खोकला नाही. श्वास आत जातोय हे कळेचना. जबडा ताठला, बोलता येईना. मी ओट्याला धरून उभी होते आणि मनात एकच, की कॅन्सरने नाही, ताकाने मरतेय.

सलाईन दिली त्या डे केअरच्या नंबरवर ह्यांनी फोन केला. पलीकडे तीच सहीवाली मुलगी. "अ‍ॅसिडिटी असेल काका. टेन्शन घेऊ नका, पॅन-फोर्टी द्या." ह्यांनी कधी नाही तो आवाज चढवला आणि रिक्षा काढून मला त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तोपर्यंत घसा मोकळा होत आला होता. तिथे ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. बोटाला क्लिप लावली, ऑक्सिजन ९८. त्याने विचारलं, "कालच्या सलाईनमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन होतं का? आणि आत्ता थंड काही प्यायलात का?"

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. करंट फ्रिजचा नव्हता. या औषधाने नसा गारव्याला बिचकतात. घशातल्या नसाही बिचकतात, त्यामुळे श्वास कोंडल्यासारखं वाटतं, पण श्वासनलिका उघडीच असते. कोमट पाणी घोट-घोट प्यायचं, तोंडावर गरम कापड धरायचं, ओसरतं. हे सांगायला त्या मुलाला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती दोन मिनिटं आदल्या दिवशी सबंध डे केअरमध्ये कुणाकडे नव्हती. सलाईन चालू असताना तर दोन तास मी तिथेच पडून होते, भिंतीवरच्या टीव्हीत स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत!

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेले, त्यात ते तिसरं पान निघालं. खरंच लिहिलं होतं, 'कोल्ड-इंड्यूस्ड डिसएस्थेशिया'. एवढे दोनच शब्द. ताकाचा, फ्रिजचा, नळाच्या पाण्याचा उल्लेख नाही. मोठ्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून "होतं असं, घाबरायचं नाही" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दिलगिरीचा शब्द निघाला नाही.

तर तुमच्या औषधांच्या यादीत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर सलाईनच्या दिवसापासून निदान पाच दिवस, आणि पुढच्या सायकलींना त्याहून जास्त, हे पाळा. पिण्याचं पाणी थर्मासमधून, कोमट. फ्रिजच्या दांडीला लोकरी हातमोजे अडकवून ठेवा. पहाटे नळाला हात लावायचा नाही, स्टीलची भांडी दुसऱ्याने काढायची, फरशीवर अनवाणी चालायचं नाही. आमच्या नाशकात नोव्हेंबरपासून सकाळची हवासुद्धा नाकातोंडात टोचते, म्हणून बाहेर पडताना मफलर नाकावरून. डे केअरमध्ये एसी असतो, शाल घरून न्या. ज्या हातात सुई आहे तो दुखायला लागला तर गरम शेक मागा.

आणखी एक. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सिस्टरने बर्फ चघळायला सांगितलं होतं, तोंड येऊ नये म्हणून. त्यांचं औषध वेगळं, त्यांच्यासाठी ते बरोबर. त्यांनी प्रेमाने अर्धा ग्लास बर्फ माझ्याकडे सरकवला होता. मळमळत होतं म्हणून घेतला नाही, नाहीतर आदल्याच दिवशी तमाशा झाला असता. किमो म्हणजे एकच औषध असा सगळ्यांचा समज असतो. आपल्या औषधाचं नाव डायरीत मराठीत लिहून घ्या, आणि दुसऱ्या पेशंटचा सल्ला ऐकायच्या आधी तिचं औषध कुठलं ते विचारा.

गोळ्यांची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर जास्त धोक्याची. गोळी घरी घ्यायची असते म्हणून साधी वाटते. दुसऱ्या सायकलीत शनिवारी रात्री जुलाब सुरू झाले. पुन्हा फोन. "ओआरएस घ्या, गोळ्या चालू ठेवा, सोमवारी ओपीडीत दाखवा." रात्रभर खेपा. पहाटे मी पुण्याला बहिणीच्या सुनेला फोन लावला, ती कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. तिचा पहिला शब्द "मावशी, गोळी बंद. आत्ताच. आणि ओपीडीची वाट बघू नका." रविवारी दाखल झाले तेव्हा पोटॅशियम पार खाली गेलं होतं. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, "गोळ्या थांबवल्या ते उत्तम केलंत." मी विचारलं, मग तुमच्या फोनवर उलटं का सांगतात? त्यांनी केसपेपरात बघून काहीतरी लिहिलं.

नियम असा आहे: रोजच्यापेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जावं लागलं, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर कॅपेसिटाबिन थांबवायची आणि डॉक्टरांना लगेच गाठायचं. तोंड इतकं आलं की जेवण जाईना, तरी हेच. राहिलेल्या गोळ्या नंतर दुप्पट करून भरून काढायच्या नाहीत. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना पहिल्या सायकलीतच जिवावर बेतू शकतं. त्याची रक्ततपासणी आहे. युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून उपचाराआधी ती करायची शिफारस केलेली आहे. आपल्याकडे विचारल्याशिवाय कुणी विषय काढेल असं धरून चालू नका.

आणि रक्तवाढीच्या गोळ्या! आमच्या विहीणबाईंनी आणलेल्या बाटलीत फोलिक अ‍ॅसिड होतं. फोलिक अ‍ॅसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. मी ती बाटली डॉक्टरांना दाखवली म्हणून कळलं. विहीणबाई अजून रुसलेल्या आहेत. गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, गुळवेल यांचंही तसंच, आधी दाखवायचं. काय घेताय ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण.

ताप. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. तेवढा आकडा दिसला की रात्र असो, दिवाळी असो, हॉस्पिटल. आधी क्रोसिन घेऊन ताप दाबायचा नाही, कारण आकडा लपतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. ही एकच गोष्ट आमच्या डे केअरने तोंडी नीट सांगितली होती, तेवढं श्रेय त्यांना.

बाकी नेहमीचं: थोडं-थोडं खा, मळमळीची गोळी उलटी व्हायची वाट न बघता घ्या, रोज अंगणात का होईना चाला, मन प्रसन्न ठेवा. शेवटचं सांगणाऱ्याला एकदा जुलाब होऊन बघू द्या.

चौथ्या सायकलीपर्यंत तळहात-तळपाय लाल, चकचकीत झाले, आग व्हायला लागली, मग सालं निघाली. यावर भांडी घासणं बंद, गरम पाणी बंद, घट्ट चप्पल बंद, युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डायक्लोफिनॅकचं साधं जेल, गुडघ्याला लावतो तेच, गोळ्यांच्या उपचारात नियमित हातांना लावलं तर हा त्रास बराच कमी होतो असं त्यात दिसलं. मला हे फार उशिरा कळलं, तेही भाच्याकडून. तुम्ही पहिल्या सायकलीलाच डॉक्टरांना विचारा.

सालं गेली तसे ठसेही गेले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले तर मशीन अंगठा घेईना. दहाही बोटं लावून झाली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, सिस्टीम म्हणतेय तुम्ही तुम्ही नाही." माझ्यामागे रांग. लाज वाटली आणि संतापही आला, कारण रेशनच्या अंगठ्यापासून बँकेपर्यंत आपला सगळा कारभार बोटांवर चालतो, आणि बोटं पुसणारं औषध देताना कुणाला हे सुचू नये? निवृत्तांनी एक लक्षात ठेवा, जीवन प्रमाणमध्ये २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आहे, मोबाइलवर घरबसल्या होते. रेशनसाठी घरातल्या दुसऱ्याचा अंगठा चालतो. शक्य असेल तर ही कामं किमोच्या आधीच उरकून घ्या. ठसे बहुतेकांचे उपचार संपल्यावर परत येतात, माझे आले.

बोटांचा बधिरपणा मात्र गेलेला नाही. गारव्याचा करंट काही दिवसांत ओसरतो, पण मुंग्या पुढच्या सलाईनपर्यंत टिकायला लागल्या की ती वेगळी पायरी आहे. ब्लाउजचे हुक लागत नाहीत, भाजीतला खडा बोटाला कळत नाही, पायरी चुकते, हे डॉक्टरांना शब्दशः असंच सांगा. "मुंग्या येतात" म्हटलं की "होतं असं" ऐकायला मिळतं. हुक लागत नाही म्हटल्यावर माझा डोस कमी झाला. ऑक्झॅलिप्लॅटिन बंद केल्यानंतरही हे काही महिने वाढत राहू शकतं, तेव्हा वेळेवर बोलण्याला किंमत आहे. तीन महिने की सहा, हेही विचारा. २०१८ मध्ये सहा मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, त्यात कमी धोक्याच्या गटाला केपॉक्स तीन महिने दिली तरी जवळपास सहा महिन्यांइतकाच फायदा आणि नसांचा त्रास कितीतरी कमी, असं निघालं. माझ्या कॅन्सर पोचलेल्या लिम्फ-गाठींची संख्या जास्त होती, मला सहाच हवे होते. पण ते मी विचारल्यावर सांगितलं गेलं. दुखरी आग असेल तर ड्युलॉक्सेटिन या गोळीचा काहींना उपयोग होतो. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, बोटाने नाही, भाजतं आणि कळत नाही.

या सगळ्याचं मी एक पानी मराठी पत्रक केलं आणि हॉस्पिटलला दिलं, तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि सहीच्या कागदाला टाचा म्हणून. "मॅनेजमेंटला विचारते," त्या मुलीने सांगितलं. अजून विचारणं चालू असावं. तोवर झेरॉक्स मीच वाटते आहे. त्यात रात्रीच्या फोन नंबरसाठी जागा रिकामी सोडली आहे. तो ज्याने त्याने आपापल्या हॉस्पिटलकडून घ्यायचा, आणि घरी जायच्या आधी तिथेच उभं राहून एकदा लावून बघायचा, कोण उचलतं ते.