केअरगिव्हरचा कोर्स करताय? आधी नोंदणीचं विचारा

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की माझ्याकडे एकाच साच्याचे फोन सुरू होतात. मुलीला मेडिकलला मार्क कमी पडलेत, सहा महिन्यांचा केअरगिव्हर कोर्स आहे, नंतर इंग्लंडला पाठवतात म्हणे, घ्यायचा का? विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. फी लाखांत सांगितलेली असते आणि दागिने गहाण ठेवायचं घरात ठरूनही गेलेलं असतं.

माझं उत्तर स्पष्ट आहे: नका घेऊ. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला, मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब सोबत नेण्याची परवानगी काढून घेतली आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद केली. त्या नावावर आज कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. जपानचा रस्ता खरा आहे, पण तिथे जपानी भाषेची आणि केअरच्या कामाची अशा दोन्ही परीक्षा पास व्हाव्या लागतात. जर्मनीत नर्स म्हणून जायचं तर इथलं नर्सिंगचं शिक्षण आणि चांगली जर्मन, दोन्ही हवं. सहा महिन्यांत यातलं काही सहजी होत नाही.

नेहमीचे मार्ग बहुतेकांना माहीत असतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन, एएनएम दोन. आर्ट्सच्या मुलीलाही जीएनएमला जाता येतं, हे मात्र निम्म्या पालकांना ठाऊक नसतं. आणि ठाऊक असलेले म्हणतात, नर्स नको, लग्नाला अडचण येते. ज्या घरात आजीला रात्री उठवून बसवायला बाई शोधत फिरतात, त्याच घरात हे बोललं जातं, याचा मला राग येतो. मुलीला हे काम आवडत असेल तर तिला नोंदणीकृत नर्स होऊ द्या. तिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलं जाईल, ती हॉस्पिटलात काम करो की घरोघरी जाऊन.

कारण घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या बाकीच्यांचं नाव कुठेच नसतं. पुण्या-मुंबईत हे काम माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत चालतं. बारा तासांची ड्युटी किंवा चोवीस तासांची. पैसे घरचे लोक ब्युरोला देतात, ब्युरो आपला कट ठेवून उरलेले मावशीला देतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातल्या नळीतून जेवण देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं: ही सगळी शिकून करायची कामं आहेत. कूस बदलायची राहिली तर पाठीला जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. तरी मावशी हे कुठे शिकली, असं कोणी विचारत नाही. तिला ‘सिस्टर’ म्हणून पाठवलं जातं, घरचे इंजेक्शन द्यायला सांगतात, आणि काही बिघडलं की ब्युरो हात वर करतो. चोरीचा आळ आला तर तिची बाजू मांडायला कोणी नाही. तिच्या हातून रुग्णाला इजा झाली तर घरच्यांनी तक्रार करायची कुठे, याचंही उत्तर नाही.

जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड असे दहावीनंतरचे कौशल्य-प्रमाणपत्राचे कोर्स आहेत आणि नीट शिकवले तर ते उपयोगाचेही आहेत. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन यांच्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात किमान दोन वर्षांचं आणि २,००० तासांचं शिक्षण धरलं आहे. काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी त्याच्या बाहेरच राहते.

म्हणून मला या कामासाठी वेगळं सार्वजनिक मंडळ हवं आहे, आणि महाराष्ट्राला ते अवघड नाही. माथाडींसाठी १९६९ मध्ये आपण कायदा केला, खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये, घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये. सोसायटीच्या गेटवरच्या रखवालदारासाठी मंडळ आहे. तिसऱ्या मजल्यावर अर्धांगाच्या रुग्णाला उचलणाऱ्या बाईच्या कौशल्याची दखल घेणारं मंडळ नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० साली मतदारांनीच कौल देऊन होम केअर कमिशन स्थापन केलं. ते काम करणाऱ्यांची यादी ठेवतं, प्रशिक्षण देतं, मजुरीची बोलणी तिथे होतात, आणि त्याच्या सदस्यांत बहुमत सेवा घेणाऱ्यांचं असतं. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडचं मंडळ ब्युरोवाल्यांच्या ताब्यात गेलं तर त्याचा उपयोग शून्य. नोंदणी सक्तीची करणंही अशक्य नाही: वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून घरी जाऊन सेवा देणाऱ्यांना ती सक्तीची आहे.

आपल्याकडे ते होईपर्यंत ज्या मुलामुलींना या कामात उतरायचंच आहे, त्यांनी कोर्सची फी भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. प्रत्यक्ष रुग्णाजवळ किती तास काम शिकवणार आणि कुठल्या हॉस्पिटलात? प्रमाणपत्र कोणाच्या सहीचं? पुढे ब्युरोत गेलात तर त्यांचा कट किती, पगार बँकेत जमा होणार का, चोवीस तासांच्या ड्युटीत झोप किती तास, आणि घरच्यांनी इंजेक्शन द्यायला सांगितलं तर फोन कोणाला करायचा? ही उत्तरं कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथून उठा. आणि आईवडिलांनो, तोवर दागिने गहाण ठेवू नका.