धर्म मिळाला, विसावा कुठे?



दर रविवारी मिस्साला येऊनही मन अस्वस्थच राहते, असे पुष्कळांना वाटते. बोलून मात्र कोणी दाखवत नाही. पंडिता रमाबाईंनी दाखवले. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती एकामागून एक गेल्यावर १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे आहे.) पुढे १९०७ मध्ये त्यांनी लिहिले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटला आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आणि मनाला शांती लाभली.

मग कष्ट संपले का? उलट वाढले! १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, मुक्ती मिशन उभे राहिले.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (११:२८-३०) प्रभू थकलेल्यांना विसावा देऊ करतो आणि लगेच आपले जू घ्यायला सांगतो. चिखलणीला ट्रॅक्टर आले, तरी जू म्हणजे काय हे भरे गावात कोणाला सांगायला नको. त्याला एक बैल पुरत नाही. शेजारी प्रभू स्वतः मान देतो. आज मिस्सानंतर लगेच न निघता पाच मिनिटे बसा आणि या आठवड्याचे ओझे नाव घेऊन त्याला सांगा.