नाणेनिधीचे कर्ज : औषध की नवे दुखणे?

कर्जात बुडालेल्या देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे काय? केवळ वाद घालून याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून आपण इंडोनेशिया व मलेशिया या दोन शेजारी देशांचा हिशेब तपासू या.

जुलै १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळले व त्याची झळ शेजाऱ्यांना लागली. इंडोनेशियातील कंपन्यांनी डॉलरमध्ये अल्प मुदतीची कर्जे उचलली होती. अनेकांची विक्री मात्र रुपियात होती. सुमारे २,४०० रुपियांना मिळणारा डॉलर जानेवारी १९९८ मध्ये १०,००० च्या वर गेला. नवे कर्ज न घेताच देणे चौपट झाले!

निधीने सुमारे १० अब्ज डॉलर मंजूर केले, पण अटींसह. १ नोव्हेंबर १९९७ रोजी १६ बँका एकदम बंद झाल्या. सर्व ठेवींना हमी नव्हती. घाबरलेल्या लोकांनी इतर बँकांतूनही पैसे काढले. मे १९९८ मध्ये इंधनाचे दर वाढले, दंगली पेटल्या, दुकाने जळाली आणि २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. त्या वर्षी देशाचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी घटले. कर्ज बड्यांनी काढले, झळ मजुराला व लहान दुकानदारालाही बसली. बँका बंद करण्याच्या पद्धतीतील दोष निधीच्याच मूल्यमापन कार्यालयाने २००३ मध्ये दाखवून दिले.

मलेशियाने निधीचे कर्ज घेतले नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये त्याने भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले व डॉलरचा भाव ३.८० रिंगिट ठरवून टाकला. १९९८ ची घट सुमारे ७ टक्के होती. १९९९ मध्ये सुमारे ६ टक्के वाढ झाली.

मग निधी नेहमी घातकच काय? तसे नाही. दक्षिण कोरियाने कर्ज घेतले, सावरला आणि ऑगस्ट २००१ मध्ये मुदतीपूर्वी फेडले. शिवाय मलेशियावर अल्प मुदतीचे परकीय कर्ज तुलनेने कमी होते, म्हणूनच तो नकार देऊ शकला.

आमच्या मते, पैशापेक्षा अटी व त्यांची वेळ निर्णायक ठरते. आणि गळ्याशी आल्यावर अटी घासाघीस करून ठरवता येत नाहीत. व्यापारी व कारागीर बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे : कमाई ज्या चलनात, देणे त्याच चलनात असावे, तीन महिन्यांच्या उधारीवर दहा वर्षांची यंत्रे घेऊ नयेत, आणि कर्जाच्या अटी गरज पडण्यापूर्वीच वाचाव्यात.