पावसाळ्याआधी वायपर तपासा

वायपरची आठवण आपल्याला पावसात येते, पण तो खराब होतो उन्हाळ्यात. जालन्याच्या कडक उन्हात रबर ताठर होतं, त्याला चिरा पडतात, वर धूळ बसते. मग जूनच्या पहिल्याच सरीत काचेवर पाण्याचे पट्टे उमटतात आणि समोरचं दिसत नाही.

म्हणून मे महिन्यातच एवढं करा :

१. ओल्या फडक्याने काच व रबर पुसा.
२. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका; धुळीने ओरखडे पडतात.
३. पुसूनही पट्टे राहिले, तर रबर बदला.
४. वायपर थरथरत असेल, तर दांडी वाकलीय का बघा.
५. रबर बदलताना काचेवर जाड कापड ठेवा. दांडी आपटली तर काच तडकते.

हे करताना मुलांना सोबत घ्या. घर्षणाचा धडा त्यांना आपोआप समजेल.