विमानाची चाके

आपल्या पाटसवरून तुकाराम महाराजांची पालखी जाते. पुढे रोटी घाट लागतो. तिथे रथाला जादा बैल जोडतात. पण बैल कितीही तगडे असोत, आखाची खीळ निसटली तर रथ जागीच बसेल. रस्त्यावर आपण खाली उतरून चाक बघतो. आकाशात चाक अडलं तर काय करायचं? ते आज समजून घेऊ.

विमान उडते पंखांच्या जोरावर. चाके लागतात धावायला आणि उतरायला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूवर उतरले. त्यांच्या लहान विमानाची चाके पक्की बसवलेली होती. ती उडतानाही खालीच राहत. अडकायचा प्रश्नच नव्हता. पण अशा चाकांना वारा अडतो आणि वेग कमी होतो. म्हणून चाके आत ओढून घेण्याची युक्ती निघाली.

डाकोटा हे असेच विमान. ते 1935 साली पहिल्यांदा उडाले. 27 ऑक्टोबर 1947 रोजी आपले जवान डाकोटातूनच श्रीनगरला उतरले. असे एक जुने डाकोटा दुरुस्त होऊन 2018 साली आपल्या हवाई दलात आले. त्याचे नाव ‘परशुराम’.

डाकोटाची चाके तेलाच्या दाबाने वरखाली होतात. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलते ना, तसंच. तेल गळालं की दाब जातो. मग चाक खाली येत नाही, किंवा येऊनही पक्के बसत नाही. असे अर्धवट चाक फार वाईट. टेकताच ते मुडपते आणि विमान एका अंगावर कलते.

अशा वेळी घाबरून भागत नाही. चालक वर घिरट्या घालतो. विमानात हातपंप असतो, तो मारून दाब आणून पाहतो. तरी जमलं नाही, तर खाली कळवतो. खाली आगीचे बंब तयार राहतात. मग विमान हळूच पोटावर टेकवतात. डाकोटाची चाके मिटल्यावरही थोडी बाहेर राहतात. त्यामुळे पोटाला मार कमी लागतो.

आजच्या विमानांनाही हा धोका आहेच. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या जवळच्या बारामतीला एका शिकाऊ विमानाचे पुढचे चाक निकामी झाले. विमान वाट सोडून बाजूला गेले. चालक सुखरूप राहिला.

म्हणून विमानाचे काम तोंडी चालत नाही. कारागीर केलेली दुरुस्ती वहीत लिहितो आणि सही करतो. चालकाला सगळे पाठ असते, तरी उतरण्याआधी तो यादी वाचतो. चाके खाली आली? आली. पक्की बसली? बसली.

आता आपल्यालाही लिहिता येतं. उसाची गाडी जोडण्याआधी आपणही वहीत चार ओळी लिहू या : टायर पाहिले. नट आवळले. खीळ पाहिली. वंगण घातले. मग वाचून बघू, आणि मगच गाडी हाकू.