सोनईत बसून स्पॅनिश : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

सोनईसारख्या गावात राहून स्पॅनिश शिकायचं मनात असेल, तर क्लास लावण्याआधी हिशेब मांडा. वाक्यं आणि त्यांचे अर्थ फुकट मिळतात. पैसे मोजायचे ते तुमचं बोलणं ऐकून चूक दुरुस्त करणाऱ्या शिक्षकासाठी.

शून्य रुपयांत
‘ड्युओलिंगो’ जाहिरातींसह मोफत चालतं. ‘लँग्वेज ट्रान्सफर’चा ऑडिओ अभ्यासक्रम पूर्ण मोफत आहे. ‘क्वान्तो क्वेस्ता?’ म्हणजे ‘हाऊ मच इज इट?’, ‘दे नादा’ म्हणजे ‘यू आर वेलकम’, अशा याद्या विकत घेऊ नका. वहीत इंग्रजीशेजारी मराठीचाही रकाना आखा. ‘मे गुस्ता एल काफे’चा इंग्रजी अर्थ ‘आय लाइक कॉफी’, पण वाक्याची ठेवण आपल्या ‘मला कॉफी आवडते’ची. आंबे आले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’; आपणही ‘आवडतात’च म्हणतो. मराठी मुलांना हे लवकर उमगतं.

फी भरण्याआधी
एकूण फीला शिकवण्याच्या प्रत्यक्ष तासांनी भागा. समजा 60 तासांचे 12,000 रुपये सांगितले, तर ताशी 200 पडले. मग विचारा: 18 टक्के जीएसटी आणि पुस्तकं यात धरली आहेत का? बॅचमध्ये किती जण? शिक्षक समोर असतो, की नुसते व्हिडिओ? मध्येच सोडल्यास किती पैसे परत? उत्तरं लेखी घ्या, पावती जपा.

‘महिन्यात अस्खलित’ या जाहिरातीला भुलू नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था व्यावसायिक कामकाजाला पुरेल अशा स्पॅनिशसाठी वर्गातले 600 ते 750 तास धरते.

पुणे कधी?
पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पण खोली आणि मेसचा खर्च फीवर मात करतो. म्हणून ‘ए-वन’ ही पहिली पातळी घरूनच, ऑनलाइन करा. गोडी टिकली तर पुढचं पाऊल टाका.

प्रमाणपत्र
‘डेले’ या स्पॅनिश परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षं चालतं. ‘डेले’चं शुल्क पातळीनुसार बदलतं, ते दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सेर्वांतेसकडून तपासा. परीक्षेला दिल्ली गाठावी लागली, तर रेल्वे आणि मुक्कामही धरा.

फसवणूक झाली तर
राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. घरच्यांनी कष्टानं दिलेले पैसे आहेत. ते परत मागायला संकोचू नका.