उपघटक ३.२ : ‘शेतकरी’ या शब्दाचा व्याप – शेतकरी कामगार पक्षाच्या भाषेचा अभ्यास

‘शेतकरी कामगार’ हा द्वंद्व समास आहे, हे आपण सहज सांगाल. पण व्याकरणाने जोडलेले दोन शब्द व्यवहारात कितपत जुळतात, हा प्रश्न या उपघटकात आपल्यापुढे आहे.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती नेते १९४८ मध्ये काँग्रेसपासून वेगळे झाले. सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या या मंडळींची भाषा ‘बहुजन समाज’, ‘शेटजी-भटजी’ अशा शब्दांची होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला आणि ‘वर्ग’, ‘शोषण’, ‘क्रांती’ हे शब्द अधिकृत झाले. ‘बहुजन’मध्ये जातिव्यवस्थेचा अनुभव आहे, ‘वर्ग’ उत्पादनसाधनांच्या मालकीवर बोट ठेवतो. पक्षाने दोन्ही शब्द बाळगले. (‘कॉम्रेड’ऐवजी रूढ झालेले ‘भाई’ हे संबोधनही अभ्यासण्याजोगे आहे.)

आता ‘शेतकरी’ हा शब्द पाहा. पक्षस्थापनेपूर्वी, १९३३ ते १९३९ या काळात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप झाला. तेथे शेतकरी म्हणजे कूळ आणि समोर उभा असलेला खोत. शब्दाचा अर्थ विरोधी शब्दामुळे निश्चित होतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पुढे खोती गेली, कुळकायद्याने अनेक कुळे जमिनीची मालक झाली, आणि शब्दासमोरचा खोत नाहीसा झाला. मग उसाचा बागायतदारही शेतकरी आणि कोरडवाहू तुकडा कसणाराही शेतकरी! बागायतदाराच्या बांधावर रोजाने राबणारा शेतमजूर मात्र या शब्दात नेमका कुठे बसतो?

सहकारी कारखानदारीच्या आधारे काँग्रेसने याच ‘शेतकऱ्या’ला आपलेसे केले. पक्षाच्या ओहोटीचे हे एक प्रमुख कारण होय, असे माझे मत आहे. केवळ नेत्यांच्या पक्षांतराने तिचा उलगडा होत नाही. विधानसभेत १९७८ साली १३ जागा मिळवणाऱ्या या पक्षाला २०१९ मध्ये एकच जागा मिळाली. जेथे शब्दाला स्थानिक, ठोस अर्थ राहिला तेथे पक्ष अधिक काळ टिकला. रायगडात हा अर्थ भूसंपादनविरोधी लढ्यांनी दिला, तर दुष्काळी सांगोल्यात पाण्याच्या प्रश्नाने. सांगोल्यातून गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले.

एक भाषिक गंमत नोंदवून ठेवा. ‘शेकाप’ हा संक्षेप आता ‘शेकापचा’, ‘शेकापवाले’ असा सरळ नामासारखा चालतो. त्यातले ‘शे’ आणि ‘का’ कोणाचे, याचे भान बोलणाऱ्याला उरतेच असे नाही.

स्वाध्याय : आपल्या गावात किंवा परिसरात सातबाऱ्यावर नाव नसलेली, परंतु आयुष्यभर शेतात राबलेली स्त्री असेल. तिला लोक ‘शेतकरी’ म्हणतात, ‘शेतकरीण’ म्हणतात की ‘मजूर’? ती स्वतःला काय म्हणवते? किमान पाच व्यक्तींशी बोलून त्यांच्याच शब्दांत नोंदी करा.